आकड्यांचे तोतये

पानिपत शहराबाहेर काळा आंब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी एक स्मारकस्तंभ उभा आहे. नोकरीनिमित्त दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाकडे दक्षिणेतून पाहुणे आले, की आग्रा-मथुरेबरोबर ही सुमारे नव्वद किलोमीटरांची वारीही घडतेच. स्तंभापाशी क्षणभर स्तब्ध उभे राहिल्यावर पाहुणा बहुधा एकच प्रश्न विचारतो : येथे आपली माणसे किती पडली? प्रस्तुत लेखकाने या प्रश्नाला आजवर, प्रसंग आणि पाहुणा पाहून, पन्नास हजार, एक लाख आणि एकदा तर ‘दीड लाखाच्या घरात’ अशी उत्तरे दिलेली आहेत. त्यांपैकी एकही उत्तर देताना जीभ अडखळली नाही, ही गोष्ट आता मनाला खटकू लागली आहे.

ती खटकण्यास निमित्त झाले एका प्रबंधाचे. त्याकडे वळण्यापूर्वी एका जुन्या पत्राचे स्मरण करणे आवश्यक आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळली ती एका सावकारी पत्रातून, अशी आपल्याकडे परंपरा आहे. त्या सांकेतिक पत्रात मोती किती गळाले आणि मोहरा किती हरपल्या यांचे आकडे होते. खुर्द्याविषयी मात्र त्याची मोजदाद नाही, एवढेच म्हटले होते. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला हे पत्र ठाऊक असते, आणि त्यातील करुणरसाचे विवेचन शिक्षकांनी पुरेसे केलेले असते. त्यातील हिशेबी प्रामाणिकपणाकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. जे मोजले गेले त्याचा आकडा त्या सावकाराने दिला. जे मोजले गेले नाही त्याची जागा कोरी ठेवली, आणि ती कोरी आहे हे स्पष्ट लिहिले. गेली अडीचशेहून अधिक वर्षे आपण ती कोरी जागा भरीत आलो आहोत.

आता प्रबंध. एका तरुण संशोधकाने पानिपतावर गेलेल्या मराठी पथकांचा मोठ्या कष्टाने तक्ता तयार केला होता. सरदाराचे नाव, घोडेस्वार, पायदळ, तोफा, बरोबरचे बुणगे, परत आलेली माणसे असे त्याचे रकाने. छापील साधने, रुमाल, खासगी दप्तरे असे सारे त्याने धुंडाळले होते, आणि त्या परिश्रमांविषयी आदरच वाटावा. परंतु तक्त्यात एकही घर रिकामे नव्हते! पानिपतासंबंधीच्या कागदांशी ज्याचा थोडाही परिचय आहे त्याला हे पाहून आनंद होण्याऐवजी धडकी भरेल. तळटीप शोधली तेव्हा एक ओळ आढळली : गहाळ आकडे संगणकीय प्रतिमानाच्या साह्याने भरले आहेत. ते प्रतिमान योग्य ठरले हे कशावरून, असे विचारता उत्तर आले की आज्ञावली शेवटपर्यंत चालली आणि तिने कोणतीही त्रुटी दाखविली नाही.

हे उत्तर त्या एका संशोधकाचे असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. इतिहास, समाजशास्त्र, भाषाशास्त्र, शिक्षण अशा सर्वच विषयांत आज गहाळ आकडे भरण्याची साधने सुलभ झाली आहेत, आणि भरलेला आकडा भरलेला म्हणून ओळखू येण्याची खूण मात्र नाहीशी होत चालली आहे.

पानिपतानेच आपल्याला या व्यवहाराचे एक उदाहरण देऊन ठेवले आहे. सदाशिवरावभाऊंचे काय झाले याविषयी सर्वांची खात्री पटेल असा निर्णय त्या काळी झाला नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. तेथे एक जागा कोरी राहिली, आणि काही वर्षांतच ती भरून काढणारा मनुष्य उपस्थित झाला. बुंदेलखंडाकडील तो कनोजी ब्राह्मण रूपाने भाऊंसारखा दिसे म्हणतात. चौकशी झाली, तो तोतया ठरला, कैदेत पडला. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणात एवढे बंड माजविले की महादजी शिंद्यांना त्याच्यावर जावे लागले, आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला? एक तर चेहरा जुळत होता. आणि दुसरे, भाऊ परत यावेत अशी लोकांची इच्छा होती. भरलेल्या आकड्यांवर आपला विश्वास बसतो तो नेमक्या याच दोन कारणांनी.

आकड्यांचा तोतया कसा ओळखावा, हा संख्याशास्त्रातील गेल्या अर्धशतकाचा एक महत्त्वाचा विषय आहे. १९७६ मध्ये डोनाल्ड रुबिन यांनी एक मूलभूत प्रश्न मांडला : आकडा गहाळ झाला तो का? कागद वाळवीने खाल्ला आणि वाळवीला सरदारांची थोरवी कळत नाही, हा एक प्रकार. लहान पथकांपाशी कारकून नसे म्हणून त्यांची हजेरी सापडत नाही, परंतु पथक लहान होते हे अन्य मार्गाने ठाऊक आहे, हा दुसरा प्रकार. आणि पथक समूळ कापले गेले म्हणूनच त्याच्या हानीची नोंद करणारा कोणी उरला नाही, हा तिसरा. पहिल्या दोन प्रकारांत उपलब्ध कागदांवरून गहाळ आकड्यांचा अंदाज करणे न्याय्य ठरू शकते. तिसऱ्यात आकडा गहाळ होण्याचे कारण त्या आकड्याच्या पोटातच दडलेले असते. रुबिन यांनीच पुढे सुचविले, आणि १९८७ च्या ग्रंथात सविस्तर मांडले, की रिकामे घर एकदाच न भरता अनेक वेळा, वेगवेगळ्या संभाव्य आकड्यांनी भरावे, म्हणजे या अनेक पूर्ण तक्त्यांतील परस्परभेद आपल्या अज्ञानाचे माप म्हणून डोळ्यांसमोर राहतो. एकाच आकड्याने घर भरले की ते माप पुसले जाते.

आमच्या संशोधकाने तसेच केले होते. ज्या पथकांचे बुणगे ठाऊक नव्हते त्यांना त्याच्या प्रतिमानाने ठाऊक पथकांच्या सरासरीजवळचा एकेक आकडा बहाल केला होता. परिणाम असा, की तक्त्याचा वरचा अर्धा भाग खाचखळग्यांनी भरलेला आणि खालचा अर्धा सारवलेल्या अंगणासारखा सपाट. कोठे तिप्पट बुणगे, कोठे निम्मे, ही खऱ्या फौजेची तऱ्हा. सर्वत्र सारखेच बुणगे ही प्रतिमानाची तऱ्हा. ही पहिली आणि सर्वांत सोपी परीक्षा : भरलेले आकडे आणि मूळचे आकडे शेजारी मांडून पाहावेत. दोहोंत फरक आढळला म्हणजे भरणी चुकलीच असे नव्हे; ज्यांची नोंद नाही ती पथके खरोखरच वेगळी असू शकतील. परंतु फरकाचे कारण सांगता आले पाहिजे.

दुसरी परीक्षा अधिक कठोर आहे. ज्या पथकांची हजेरी निःसंशय हाती आहे त्यांपैकी काही मुद्दाम झाकून ठेवावीत, प्रतिमानाला ती गहाळ आहेत असे भासवावे, आणि ते काय आकडे काढते ते पाहावे. वसुलीच्या कामात मुरलेला जुना कारकून नव्या उमेदवाराची परीक्षा अशीच घेत असे. उत्तर ठाऊक असलेले गणित प्रथम घालावे. झाकलेल्या पथकांचे खरे आकडे जर प्रतिमानाने सांगितलेल्या मर्यादांच्या वारंवार बाहेर पडू लागले, तर उघड्या पडलेल्या अज्ञानाबद्दल त्याचे आभार मानून त्याला निरोप द्यावा.

तिसरी परीक्षा अशी, की भरलेला आकडा खरा धरून चालावे आणि तो खरा असता तर आणखी काय दिसावयास हवे होते याचा शोध घ्यावा. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलेल्या वृत्तान्तात मराठ्यांचे पंचावन्न हजार स्वार, पंधरा हजार पायदळ आणि दोनशे तोफा सांगितल्या आहेत. आणि स्त्रिया-मुलांसह छावणीतील एकूण जीव पाच लाख असल्याचे बोलले जाई, असे म्हटले आहे. पाच लाख खरे धरू. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य, म्हणजे रोज अडीच हजार क्विंटल. बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरला तर छावणीत रोज अडीच हजार बैल धान्य उतरवीत असले पाहिजेत, आणि नोव्हेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या सुमारे पंचाहत्तर दिवसांत जवळजवळ एक लाख सत्त्याऐंशी हजार क्विंटल. घोड्यांची चंदी यात धरलेली नाही. दुसऱ्या बाजूने ठाऊक गोष्टी अशा : कुंजपुऱ्याला मोठा धान्यसाठा हाती लागला होता, अब्दालीने यमुना उतरून दक्षिणेची वाट अडविली होती, रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि जानेवारीत उपासमार एवढी झाली की बाहेर पडून लढण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. पाच लाखांचा आकडा या माहितीशी बसवायचा तर डिसेंबरपर्यंत ती माणसे जगली कशी हे सांगावे लागेल. बसणारच नाही असे नाही. काही लोक आधीच पांगले असतील, पाच लाख हा काशिराजाने केवळ ऐकलेला आकडा असेल. परंतु आकडा कोठे ताणला जातो ते या हिशेबाने कळते. जदुनाथ सरकारांनी मराठी लढवय्यांची संख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास आणली. शेजवलकरांनी १९६१ च्या ग्रंथात साधनांची चिकित्सा केली. या दोघांच्या निष्कर्षांविषयी मतभेद होतील, पण आकड्याला प्रश्न विचारण्याची रीत त्यांच्यापाशी होती. कादंबरीकाराची गोष्ट निराळी. विश्वास पाटलांनी १९८८ मध्ये ‘पानिपत’ लिहिले तेव्हा रिकाम्या जागा कल्पनेने भरण्याचा परवाना वाचकानेच त्यांना दिलेला होता. तक्त्याला असा परवाना कोणी देत नाही.

हीच तिसरी परीक्षा संख्याशास्त्रज्ञ औपचारिक रीतीने करतात. प्रतिमानाकडून संपूर्ण तक्ताच पुन्हापुन्हा नव्याने लिहवून घ्यावा, ठाऊक घरेसुद्धा. आणि आपल्याला हवी असलेली गोष्ट, समजा स्वारांमागे बुणग्यांचे प्रमाण, त्या काल्पनिक तक्त्यांत जशी येते तशीच मूळ तक्त्यात येते काय हे पाहावे. २००५ साली अँड्र्यू गेल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की ही तुलना भरून पूर्ण केलेल्या तक्त्यांच्या आलेखांवरही करता येते आणि डोळ्यांना पुष्कळदा ती अधिक उलगडते. मात्र येथे एक खोच आहे, आणि आमचा संशोधक नेमका तेथेच फसला होता. रिकामी घरे थोडी असतील तर या परीक्षेला अर्थ आहे. ती निम्म्याहून अधिक असतील तर पूर्ण केलेला तक्ता बहुतांशी प्रतिमानाचीच निर्मिती असतो; मग प्रतिमान स्वतःशीच जुळते आणि परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होते. तोतयाची ओळख तोतयानेच पटवून द्यावी तसा हा प्रकार.

तथापि या सर्व परीक्षा पार पडल्या तरी पानिपताच्या बाबतीत एक गोष्ट शिल्लक राहते. झाकून ठेवलेली पथके ही शेवटी नोंद असलेल्या सरदारांचीच पथके. त्यांच्यावरून घेतलेली परीक्षा सरदारांपुरती खरी. नाना फडणिसांची आई त्या धावपळीत हरपली. तिचा उल्लेख उरला तो मुलगा वाचला आणि पुढे लिहिता झाला म्हणून. तिच्या शेजारून पळणाऱ्या बटकीचा मुलगा वाचला असेल, नसेल. वाचला असता तरी त्याने लिहिले नसते. यात्रेच्या ओढीने फौजेबरोबर निघालेली कुटुंबे, लमाण, खिजमतगार, पाणके, घोड्यांचे चाकर यांची नावे गहाळ झाली ती वाळवीमुळे नव्हे. ज्यांची गणना करावी असे कोणाला वाटले नाही त्यांचा अंदाज, ज्यांची गणना झाली त्यांच्यावरून करता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांच्या आत नाही. कोणतीही आज्ञावली ते देऊ शकणार नाही. येथे फक्त एवढेच करता येते, की आपले गृहीत उघड मांडावे, ते बदलून पाहावे, आणि बदलल्यावर उत्तर किती हलते ते वाचकाला दाखवावे.

जाता जाता आणखी एका भरणीचा उल्लेख करतो. पानिपत-कर्नाल परिसरातील रोड समाज हा रणातून मागे राहिलेल्या मराठ्यांचा वंशज होय, असे काही अभ्यासक मांडतात, आणि त्या समाजातील अनेकांच्या मनात या नात्याविषयी जिव्हाळा आहे. त्या जिव्हाळ्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु पुरावा म्हणून मराठीशी जुळणाऱ्या शब्दांच्या आणि चालीरीतींच्या ज्या याद्या दिल्या जातात, त्यांबाबत विचारण्याचा प्रश्न तोच आहे : असा वारसा न सांगणाऱ्या शेजारच्या समाजात असे किती शब्द सापडतात? तेवढेच सापडत असतील तर जुळणी काहीच सिद्ध करीत नाही. जुळणारे तेवढे वेचणे म्हणजे परीक्षा नव्हे.

पानिपताची पुन्हा मोजणी करणे आता कोणाच्या हाती नाही. भरलेला आकडा आणि नंतरची मोजणी समोरासमोर आल्याचे उदाहरण पाहावयाचे तर आपल्याच काळात यावे लागेल. १९८१ ची जनगणना आसामात होऊ शकली नाही. आंदोलन पेटलेले होते. देशाची बेरीज तर छापणे आवश्यक होते. म्हणून पूर्वीच्या वाढीच्या आधारे आसामची अंदाजी लोकसंख्या १,९८,९६,८४३ धरण्यात आली आणि देशाचा आकडा ६८,५१,८४,६९२ प्रसिद्ध झाला. शेवटच्या एककापर्यंतचा तो नेमकेपणा पाहावा! १९९१ मध्ये आसामात प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा तेथे २,२४,१४,३२२ माणसे भरली. १९७१ आणि १९९१ या दोन मोजण्यांच्या मधून अंतर्वेशनाने १९८१ चा आकडा नव्याने काढला, तो आला १,८०,४१,२४८. म्हणजे साडेअठरा लाखांहून अधिक माणसे दहा वर्षे केवळ कागदावर नांदली. देशाची बेरीज मग ६८,३३,२९,०९७ अशी सुधारण्यात आली.

चूक कोठे झाली? १९६१ ते १९७१ या दशकात आसामची लोकसंख्या सुमारे पस्तीस टक्क्यांनी वाढली होती. अंदाजात १९७१-८१ साठी छत्तीस टक्के वाढ गृहीत धरली गेली. नंतरच्या हिशेबाने ती तेवीस-चोवीस टक्के निघाली. येथे प्रतिमानाची परीक्षा मागच्या दशकावर घेतली असती तर ते झकास उत्तीर्ण झाले असते, कारण ते मागच्या दशकावरूनच बेतलेले होते. आणि याहून मोठी गोष्ट अशी, की बाहेरून आलेल्यांमुळे लोकसंख्या किती फुगली हाच त्या आंदोलनाचा वादविषय होता. ज्या आकड्यावरून भांडण, त्याच भांडणापायी तो आकडा गहाळ. आणि ती रिकामी जागा भरताना सरकारी तक्त्याने नकळत एका बाजूला दुजोरा दिला. रुबिन यांचा तिसरा प्रकार याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

दहा वर्षांनी जम्मू-काश्मीरमध्ये तोच प्रसंग आला. १९९१ साठी ७७,१८,७०० असा अंदाज धरला गेला. २००१ च्या मोजणीनंतर अंतर्वेशनाने तो ७८,३७,०५१ झाला. म्हणजे एका ठिकाणी अंदाज दहा टक्क्यांनी जास्त, दुसऱ्या ठिकाणी दीड टक्क्याने कमी. यावरून दुसरे प्रतिमान श्रेष्ठ होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र टाळावा. ज्या अंतर्वेशनाच्या गजाने आपण दोन्ही अंदाज मोजले, ते स्वतःच एक भरणी आहे. मधली वाढ संथ, एकसारखी झाली असे ते धरून चालते. आसामातील १९७१ नंतरची वर्षे कशी गेली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गृहीताविषयी शंका यावी. ती मोजणी त्या वर्षी झालीच नाही, आणि आता होणार नाही.

प्रबंधाच्या बाबतीत प्रस्तुत लेखकाने परीक्षक या नात्याने तीन मागण्या केल्या. भरलेले प्रत्येक घर निराळ्या शाईने छापावे, आणि त्यात एक आकडा न घालता अनेक भरण्यांतून आलेली खालची व वरची मर्यादा द्यावी. ज्यांची हजेरी खात्रीची आहे अशी पथके झाकून घेतलेल्या परीक्षेचा निकाल, चांगला वा वाईट, परिशिष्टात द्यावा. आणि बुणग्यांच्या रकान्यासाठी निदान तीन वेगवेगळी गृहीते घेऊन तीन तक्ते करावेत. मार्गदर्शकांना यात परीक्षकाचा आडमुठेपणा दिसला. तक्ता पूर्ण असला की प्रबंध भारदस्त वाटतो, असे त्यांचे म्हणणे. संशोधकाने मात्र काम केले. चार महिन्यांनी नवा तक्ता आला. स्वारांच्या रकान्यात बहुतेक झाकलेली पथके मर्यादांच्या आत पडली होती. पायदळात बरीचशी बाहेर गेली होती आणि तसे लिहिलेले होते. बुणग्यांच्या एकूण संख्येची तीन उत्तरे आली, आणि सर्वांत मोठे उत्तर सर्वांत लहान उत्तराच्या चौपटीहून अधिक होते. त्याखाली त्याने कोणत्या दप्तरात काय शोधले आणि काय सापडले नाही याची दोन पानी यादी जोडली होती. साऱ्या प्रबंधात मला सर्वांत उपयुक्त वाटली ती हीच यादी, आणि छापताना प्रकाशक प्रथम तीच गाळतील अशी भीती वाटते.